घरच्या वजनांना शिक्का नव्हता

४ फेब्रुवारी

वन्सं,

पारडी पुसून झाली की मी दूध तापत ठेवायचे आणि ते वर येईपर्यंत ह्यांचा डबा भरून व्हायचा. हे तेव्हा पुढच्या खोलीत, दुकान उघडायच्या आधी, कुणाचा तरी गंजलेला तराजू रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसलेले असायचे. घरभर रॉकेलचा आणि दुधाचा वास. सहाला पाच कमी असताना मी फोनपाशी स्टूल ओढायचे. सहाला फोन वाजायचा. तुम्ही "वहिनी" एवढंच म्हणायचात आणि लगेच दिवसभराचं जेवण सांगायचात, बातम्या दिल्यासारखं. सकाळी एक अंडं, एक पाव. दुपारी शंभर ग्रॅम भात, दोनशे ग्रॅम भाजी, वाटीभर दही. संध्याकाळी तेच, भाताऐवजी पाव. मी म्हणायचे, "ऐकलं." मग माझी पाळी. मी सांगायचे, तुम्ही म्हणायचात, "ऐकलं." फोन बंद. ना तब्येतीची चौकशी, ना हवापाणी. हे आतून ओरडायचे, "झालं? दोन बायका, दोन मिनिटं? पेपरात द्यायला पाहिजे."

मला एक ठरावीक सकाळ आठवते. त्या दिवशी काहीच घडलं नाही. दूध उतू गेलं नाही, कुणी आजारी नव्हतं, ह्यांना चष्मा पहिल्याच जागी सापडला. बहुतेक म्हणूनच ती आठवते.

अकरा वर्षं आपण हे केलं. त्याआधी माझी अवस्था काय होती ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. माझ्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली, बिस्किटांचे रिकामे पुडे तुम्हाला सापडले. मी दारात उभी, तोंडात अजून चुरा. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही पुडे होते तसे ठेवलेत, वर स्वेटर ठेवला आणि म्हणालात, "मी पुस्तकांच्या मागे लपवायचे. मुंग्या लागतात, वहिनी." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला त्या खोलीत नेलंत.

दातांच्या दवाखान्यावरची ती खोली, खाणं आवरत नाही अशांची सोमवारची मीटिंग. खाली दात काढतात, वर घास काढतात, असं बँडवाला म्हणायचा. नावं चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची, हा तुम्ही सांगितलेला पहिला नियम. म्हणून मी "काटेवाली" झाले. तुम्ही छापखान्यात प्रुफं तपासायचात, तुमचं नाव "खाडाखोड". तुम्हाला ते आवडायचं. मला वाचायची गोडी लागली तीसुद्धा तुमच्या त्या रद्दी प्रुफांवर. चौथीत शाळा सुटल्यावर मी दुकानाच्या पाट्या सोडून काही वाचलेलं नव्हतं. जेवणं मोजून व्हायला लागल्यावर दुपारी हात रिकामे राहायचे, खायला जायचे ते दोन तास मोकळे पडले. तुम्ही लाल खुणांचे कागद आणून टाकलेत आणि म्हणालात, "हे चाव."

तुमच्या हातचा नियमांचा कागद अजून भिंतीवर आहे. कोपरे पिवळे झालेत. इथं यायला एकच अट: थांबायची इच्छा. इथं कुणी कुणाचा गुरू नाही. मागितल्याशिवाय सल्ला नाही. आधी तत्त्व, मग माणूस. इथं ऐकलेलं इथंच. सगळ्यात नव्या माणसानं खुर्च्या मांडायच्या, म्हणजे तो लवकर येतो आणि त्याच्या हातांना काम मिळतं. सगळ्यात जुन्यानं, म्हणजे खाडा न पडता मोजून खाण्याची ज्याची वर्षं सगळ्यात जास्त त्यानं, किल्ली सांभाळायची आणि कागद वाचायचा. तुम्ही गेल्यापासून किल्ली माझ्याकडे आहे. दर सोमवारी मी वाचते. आणि सांगते, मोजून खाताना पंधरा वर्षं झाली.

आता मुद्द्याचं. तीन महिन्यांपूर्वी एक नर्स येऊ लागली. हल्ली खुर्च्या तीच मांडते. अंगानं माझ्यासारखीच होती ती, मी तेव्हा होते तशी. गेल्या सोमवारी जिन्यात मला म्हणाली, "काकू, सकाळी सहाला तुम्हाला फोन करू का? आणि तुमची ती भात-भाजी तोलायची वजनं आठवडाभर द्याल? पंधरा वर्षं चाललेली आहेत, माझ्या हाताला त्यांचा गुण लागेल." मी म्हटलं, "बघते."

एवढंच सांगायला लिहायला बसले होते. पत्ता माझ्या लेकीनं दिला, तिला रागावू नका. तिकडे मुलाकडे बरं वाटत असेल. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. चालणार नाही. पण सहन करीन.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वन्सं,

आधीच्या पत्रात मी दुधाचं लिहिलं, मुंग्यांचं लिहिलं, आणि ज्यासाठी कागद घेतला होता ते लिहिलंच नाही. फोनवर मी भराभरा बोलते आणि कागदावर भराभरा टाळते, असं दिसतंय.

तुम्ही दिलेला बॅटरीचा काटा मी परवा उघडला.

चार वर्षं तो खोक्यात होता, फळीवर, वर दोऱ्यांचा डबा. हे जाऊन पाच आठवडे झाले होते तेव्हाची गोष्ट. त्या सोमवारी मी खोलीत म्हणाले होते, "माझं सगळं गेलं, पण ह्यांनी करून दिलेली वजनं आहेत. त्यांनी मला कधी फसवलं नाही." सगळे माझ्याकडे बघत होते, तुम्ही एकट्या फरशीकडे. मीटिंग सुटल्यावर जिन्यात तुम्ही ते खोकं माझ्या हातात दिलंत.

"हे काय?"

"काटा. दादानं दिलेली वजनं यावर एकदा ठेवून बघ, वहिनी."

"का?"

"त्यानं त्यात शिसं भरलंय. जड आहेत ती. माझा काटा बिघडला होता तेव्हा तुझी वजनं मी आठवडाभर नेली होती, आठवतं? छापखान्यात कागद तोलायच्या काट्यावर ठेवली होती."

"त्याला सहा वर्षं झाली."

"हो. मी दादाला विचारलं होतं. त्यानं कबूल केलं आणि माझ्याकडून वचन घेतलं."

"आणि आता सांगताय? माणूस राहिला नाही तेव्हा?"

"आता तू खोलीत उभं राहून त्यांची साक्ष काढतेस. मला ऐकून घेववेना."

मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला नसाल. मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याला लबाड म्हणायला पाच आठवडे तरी जास्त थांबायचं होतंत." आणि खोकं घेऊन खाली उतरले. खोकं घेतलं हे लक्षात घ्या. फेकलं नाही. म्हणजे माझ्या आत कुणीतरी तुमचं ऐकलं होतं.

नर्सनं वजनं मागितली आणि माझी झोप गेली. स्वतःला फसवायचं तर माझं मी बघून घेतलं असतं. पण तिला वजनं दिली असती, तर तिची सुरुवातही त्याच वजनांवर झाली असती. गुरुवारी दुपारी दार लावून घेतलं, खोकं काढलं, बॅटरी घातली.

शंभराचं वजन ठेवलं. एकशे तेरा.

दोनशेचं. दोनशे सव्वीस.

पन्नासाचं छप्पन्न. म्हटलं काटाच खोटा असेल. म्हणून ह्यांच्या पेटीतलं शिक्क्याचं वजन काढलं, सरकारी छाप असलेलं, आणि ते ठेवलं. बरोबर शंभर. काडीचाही फरक नाही.

मग माझं वजन उलटं केलं. तुम्हाला ठाऊक आहे, वजनाच्या पोटात एक खळगा असतो, कमीजास्त भरायला. तिथं शिसं होतं. इतकं सफाईनं घासलेलं की बोटाला कड लागत नव्हती. दुसऱ्या कुणाचं काम असणं शक्य नाही.

ह्याच माणसाकडे एकदा बाजारातला मोठा दुकानदार आला होता. वजनं थोडी पोखरून हवी होती त्याला. ह्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "शेठ, आलात त्याच दारानं जा, दुसरं दार नाही आम्हाला." दोन वर्षं बाजारातलं एक काम आलं नाही. मी कुरकुरले तर म्हणाले, "माझ्या हातचं वजन म्हणजे वजन." त्या हातानं बायकोसाठी जड वजन केलं.

आणि मला ती दिली तेव्हा मी विचारलं होतं हो! "ह्यांच्यावर शिक्का नाही?" तर म्हणाले, "घरच्या वजनांना शिक्का कशाला? घरात कोण तपासायला येतंय?" मी हसले. मला वाटलं, प्रेमानं बोलतायत. प्रेमानंच बोलत होते, पण मी वेगळ्या प्रेमाला हसत होते.

आता हिशेब सरळ आहे. पहिली अकरा वर्षं मी खोटं सांगितलं ते नकळत. पुढची चार मात्र नकळत नाहीत. जिन्यात तुम्ही सांगितलंत, त्या क्षणी ती नकळत राहायची बंद झाली. चार वर्षं मी दर सोमवारी किल्ली लावून, तुमच्या हातचा कागद वाचून, "बारा", "तेरा" करत "पंधरा"पर्यंत म्हणत आले. त्यातली ही चार माझी नाहीत.

नर्सला मी सांगितलं, "काटा नादुरुस्त आहे, आणि फोनही इतक्यात नको." हेही अर्धंच. खोलीत अजून काही बोललेली नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

जेवणाच्या टेबलावर जे झालं त्याचं पुढच्या वेळी लिहीन.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

वन्सं,

पुढची वेळ आली. आठ दिवस मी रोज कागद काढला आणि रोज दुसरंच काम काढलं. माळा झाडून झाला, ह्यांच्या कानशी तेल लावून पुन्हा गुंडाळल्या, लेकीला विचारल्याशिवाय तिचे जुने बूटसुद्धा पॉलिश केले.

जिन्यातल्या त्या सोमवारनंतरचा रविवार. भाऊजींकडे, तुमच्या धाकट्या भावाकडे, आपण सगळे जेवायला. जाऊबाईंनी नवीन टेबल घेतलं होतं, त्याच्या काचेवर प्रत्येकाचं ताट दोनदा दिसत होतं. जाऊबाई तुम्हाला आग्रह करत होत्या आणि तुम्ही ताटावर हात आडवा धरून म्हणालात, "पुरे गं, मोजलेलं आहे." भाऊजी म्हणाले, "आमचं घराणंच मापाचं! दादा लोकांची वजनं मापायचा, ताई स्वतःचं मापते." सगळे हसले. तुम्हीही. आणि हसत हसत तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

ते बघणं साधं होतं. आता मला दिसतं. त्या दिवशी मला ते जिन्यातल्यासारखं वाटलं.

मी म्हणाले, "मला मापं शिकवू नका. आईच्या ताटातलं वाटेत खाणाऱ्यांनी तर नकोच."

भाऊजी म्हणाले, "म्हणजे?"

तिथं तरी थांबता आलं असतं. चमच्यानं ताट वाजवून "काही नाही हो" म्हणता आलं असतं. मी थांबले नाही. तुम्ही बारा वर्षांच्या होतात, आई अंथरुणाला खिळलेली, स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत तिचं ताट न्यायचं काम तुमचं. मधल्या बोळात तुम्ही निम्मं खायचात आणि आईला सांगायचात, आज एवढंच होतं. त्या हिवाळ्यात ती गेली. हे सगळं तुम्ही एकदाच बोलला होतात, खोलीत, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत. बाहेर पडल्यावर माझा दंड धरून म्हणाला होतात, "वहिनी, हे दादाला कधी कळू नये." मी एका दमात सगळं सांगितलं. ह्यांना नाही कळलं, हे तेव्हा नव्हतेच. पण टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळलं.

माझी लेक म्हणाली, "आई, बस." ती मला असं कधी बोलत नाही.

तुम्ही चमचा ताटात सरळ ठेवलात. मला वाटलं रडाल, नाहीतर माझी बिस्किटं काढाल, कपाटातली, स्वेटरखालची. तुमच्याकडे माझंही काय कमी होतं! अकरा वर्षांचं होतं. तुम्ही त्यातलं एक अक्षर काढलं नाहीत. एवढंच म्हणालात, "हे तू खोलीत ऐकलं होतंस." आणि गेलात.

भाऊजी तेव्हा सहा वर्षांचे होते ना? त्यांना आईचा फक्त हात आठवतो, मनगट बांगडीएवढं बारीक झालेलं. त्या दिवसापासून त्यांनी तुम्हाला फोन केलेला नाही हे मला ठाऊक आहे. जाऊबाई सांगतात. मला मात्र ते अजून तोंडभरून "वहिनी, वहिनी" करतात. मी घेते ते. हे मला सगळ्यात जास्त खातं. मी वाट्टेल ते गिळू शकते, वन्सं, हे तुम्हाला माहीत आहे, पण हे गिळलं जात नाही.

तुमच्यावर रागवायला माझ्याकडे एक कारण होतं, तुम्ही खरं बोललात हे. तुम्हाला मी नुसतं कारणच नाही दिलं, मी तुमच्या हातून भाऊ काढून घेतला, एक मरणानं गेलेला असताना दुसरा.

क्षमा मागायला हे पत्र नाही. कागदावर चौथा नियम तुम्हीच लिहिला आहे: आधी तत्त्व, मग माणूस. मी माझ्या माणसासाठी ते तत्त्व मोडलं. तेही ह्यांनी कधी मागितलं नसताना. झालं ते असं झालं, एवढंच लिहायचं होतं.

तुमची वहिनी


२७ फेब्रुवारी

वन्सं,

आज एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायचा मला हक्क आहे का, ह्यावर तीन दिवस घालवले. मग ठरवलं, आहे. कारण ही मी खोलीत ऐकलेली नाही. दुकानात ऐकलेली आहे.

खोलीत यायला लागून मला महिनाही झाला नव्हता. मी मोजून जेवायचे आणि मग ताटाकडे बघत बसायचे. चार-चार वेळा चाटून-पुसून झालेलं ताट. डोळ्यांतून पाणी यायचं, लहान मुलासारखं, आणि मी ते ह्यांच्यापासून लपवायचे. म्हणजे लपतंय असं मला वाटायचं. तुम्ही सुरुवातीला मापं फार कडक धरायला लावली होतीत, ते बरोबरच होतं.

एका दुपारी मी ह्यांना चहा द्यायला दुकानात गेले. हे एक पारडं घासत होते. वर न बघता बोलायला लागले.

"आमच्याकडे वाढायचं काम माझ्याकडे होतं. आई पडून, वडील कामावर. मी सोळाचा. घरात होतं ते सगळ्यांना सारखं यायला पाहिजे म्हणून मी पळीनं मोजून वाढायचो."

मी म्हटलं, "म्हणून काटेवाले झालात."

"असेल. पण आईच्या ताटात मी नेहमी जास्त घालायचो. दोन पळ्या जास्त."

"आजारी माणसाला जास्त?"

"वाटेत सांडायचं."

"सांडायचं कसं?"

हे हसले. तुम्हाला त्यांचं ते हसणं माहीत आहे, नाकातून, आवाज न करता. म्हणाले, "भुकेल्या माणसाच्या हातून थोडं सांडतंच. भरणाऱ्यानं तेवढं धरून भरावं."

आणि पारड्यावरचा कीस फुंकून टाकला. मला वाटलं, बोळात उंबरा असेल, ठेच लागत असेल कुणाला. चहा दिला आणि घरी परतले. त्याच आठवड्यात त्यांनी मला ती तीन वजनं दिली, शिक्का नसलेली.

तुम्ही खोलीत आईच्या ताटाचं बोललात ते त्यानंतर काही वर्षांनी. मला दोन्ही माहीत होतं आणि मी दोन्ही कधी शेजारी ठेवलं नाही. परवा ते वजन उलटं करून शिशावरून बोट फिरवलं आणि ते वाक्य कानात आलं. धरून भरावं.

आता नीट ऐका. मी हे फार सांभाळून लिहिते आहे. ह्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. मी बघितलं असं म्हणाले नाहीत. ताट कोण न्यायचं हेही त्या दिवशी बोलले नाहीत. जेवढे शब्द बोलले तेवढेच वर लिहिलेत, आठवतात तसे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी यात माझं शिसं भरलेलं नाही. भरायचा मोह झाला होता. पहिल्या कच्च्या कागदात मी लिहिलं होतं, "त्यांना सगळं माहीत होतं." ते फाडलं. त्यांना काय माहीत होतं ते मला माहीत नाही. त्यांनी आईच्या ताटात दोन पळ्या जास्त घातल्या एवढं माहीत आहे. निम्मं म्हणजे किती आणि दोन पळ्या म्हणजे किती, ते तुम्ही मांडा. ते ताट तुम्ही धरलेलं आहे, मी नाही.

भाऊजींना हे सांगावं असं मला पोटातून वाटतं. त्या मनगटाचं काहीतरी होईल त्यांच्या मनात. पण मागच्या वेळी मी तुम्हाला न विचारता बोलले. ह्या वेळी तुम्ही म्हणाल तरच. मी त्यांच्याकडे काल गेले होते ते फक्त माझं सांगायला: की ती गोष्ट मी बोलायची नव्हती, शब्द देऊन ऐकलेली होती, आणि त्यांनी ताईवर जो राग धरलाय त्यातला माझ्या वाट्याचा मला द्यावा. भाऊजींनी माझ्यापुढे खुर्ची ओढली. मग म्हणाले, "वहिनी, चहा घेणार?" मी म्हटलं, "बिनसाखरेचा." ते म्हणाले, "मापून देऊ?" आणि आम्ही दोघंही हसलो नाही. पण चहा घेतला.

जुनी वजनं मी बाजूला ठेवली आहेत. बॅटरीच्या काट्यावर जेवते आता. तेरा ग्रॅम म्हणजे काय हो? ताटात दिसतही नाहीत. पण दुपारी चारला बरोबर कळतात. पंधरा वर्षं दुपारी चारला हे माझ्याबरोबर बसत होते, आणि मला पत्ता नव्हता.

तुमची वहिनी


१२ मार्च

वन्सं,

तुम्हाला सगळं माहीत आहे, फोनच्या ह्या टोकाचं सोडून. म्हणून हे शेवटचं पान.

रविवारी पावणेसहाला मी दूध ठेवलं. कारण नव्हतं, आता डबा भरायचा नसतो, पण हाताला सवय आहे. स्टूल फोनपाशीच होतं. ते चार वर्षांत कधी हललं नाही, त्यावर मी पेपरांची रद्दी ठेवते. सहाला फोन वाजला तेव्हा मला वाटलं नर्सच असेल, ऐकलं नाही बाईनं माझं. रद्दीसकट स्टुलावर बसले.

तुम्ही म्हणालात, "वहिनी."

मी काही म्हणायच्या आत तुम्ही सुरू केलंत. सकाळी एक अंडं, एक पाव. दुपारी शंभर ग्रॅम भात, दोनशे ग्रॅम भाजी, वाटीभर दही. आवाज थोडा जाड झालाय तुमचा. संध्याकाळी तेच, भाताऐवजी पाव.

माझ्याकडे बोलायला चार वर्षं होती. पण तुम्ही शिकवलंय, मी म्हणाले, "ऐकलं."

मग मी माझं सांगितलं. भाताला शंभर म्हणताना थांबले आणि म्हणाले, "खरं शंभर." तुम्ही म्हणालात, "ऐकलं."

इथं फोन बंद व्हायचा. झाला नाही. पलीकडे कुणाचा तरी नळ वाहत होता, बहुतेक तुमच्या सुनेचा. मग तुम्ही म्हणालात, "धाकट्याला मी सांगते. माझं ताट होतं, मीच सांगते."

"बरं."

"आणि चारही पत्रांत मिळून एकवीस चुका आहेत. लाल करून ठेवल्यात."

"पाठवून द्या. चावते."

तुम्ही नाकातून हसलात, ह्यांच्यासारखं, नुसता श्वास ऐकू आला. मला माहीत नव्हतं की तुम्हीपण तसंच हसता. मी तुमच्यासमोर बसून कधी कानानं ऐकलंच नसेल. दूध उतू गेलं. मी जाऊ दिलं.

नंतर ओटा पुसला, ह्यांची तिन्ही वजनं फडक्यानं पुसून खिडकीत ठेवली, आणि कागद घेऊन मांडलं. खरी वजनं सुरू केल्याला महिना होत आला होता. आधीची पंधरा वर्षं मी ठेवून घेऊ शकत नाही. नर्सकडे चार महिने होते. माझ्याकडे तिच्याहून कमी.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी अर्धा तास आधी गेले. ड्रायव्हर जिन्यातच भेटले, ते आता खोलीत सगळ्यात जुने. त्यांच्या हातात किल्ली दिली. त्यांनी कुलूप काढलं, आणि मी आत जाऊन खुर्च्या मांडल्या.

तुमची वहिनी